आगगाडीचा बाप

शुक्रवारी दुपारी तैसीर बायकोला आणि मुलीला घेऊन मेव्हणीकडे जेवायला निघाला होता. अम्मान शहर दक्षिणेला जिथं विरळ होत जातं तिथं जुने अरुंद रूळ रस्त्याला आडवे जातात. फाटक नाही. लाल फडकं घेतलेला एक माणूस उन्हात उभा असतो, एवढंच. त्यानं हात वर केला तशी तैसीरनं गाडी थांबवली. शुक्रवारची सहलीची आगगाडी येत होती. तुर्कांच्या वेळचे लाकडी डबे, पुढं हौसेखातर राखून ठेवलेलं वाफेचं इंजिन, खिडक्यांतून कमरेपर्यंत बाहेर आलेली पोरं, कुठल्याशा डब्यात कुणी ढोलकं बडवत होतं. इंजिन अगदी नाकासमोरून गेलं. गाडीच्या काचा थरथरल्या. आणि लमीस हसून म्हणाली, "घे, सापडली तुझ्या भावाची गाडी!"

मागच्या सीटवर रंद खिदळली. हा विनोद घरात तिच्या जन्माच्याही आधीपासून होता. टीव्हीवर आगगाडी दिसली, हरवलेली किल्ली सापडली, कुणी नोकरीबद्दल थाप मारली, की कुणीतरी हे वाक्य म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. तैसीरही हसायचा. आज त्याला हसू आलं नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो दाणकन फरशीवर आदळावा, तसं काहीसं छातीत झालं. डबे जात होते. एका खिडकीतल्या बाईनं त्याच्याकडं बघून हात हलवला, म्हणजे ती सगळ्यांकडंच बघून हलवत होती. गाडी गेली, फडकं खाली आलं, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी त्याचा पाय ब्रेकवरच होता. लमीस त्याला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारत म्हणाली, "चल ना, अबू सैफ. झोपलास का?" त्यानं गाडी पुढं काढली. मेव्हणीकडं भात होता, दह्यात शिजवलेलं मटण होतं, साडूच्या नव्या जमिनीच्या गप्पा होत्या. तो जेवला, बोलला, हात धुतले. पण एक प्रश्न त्याच्याबरोबर जेवायला बसला होता आणि उठायला तयार नव्हता. सापडली तर? म्हणजे आता सापडली तर असं नाही. तेव्हाच, खरंच, ती असली तर? आणि या प्रश्नापेक्षा जास्त त्याला या गोष्टीनं धक्का बसला, की तो चोपन्न वर्षांचा झाला तरी हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

पुढचे कितीतरी दिवस तो औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभा राहून, त्याला डॉक्टरच म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होता आणि मनानं दक्षिणेतल्या मआन गावी, लहानपणीच्या घराच्या गच्चीवर होता. उन्हाळ्यात दोघे भाऊ गच्चीवर झोपत. अव्वाद सगळ्यांत थोरला, तैसीर धाकटा, मध्ये दोन बहिणी. त्या खाली आईजवळ. अव्वाद तेव्हा नव्या रस्त्याच्या कामावर पाण्याचा टँकर चालवायचा. दक्षिणेला, बत्न अल-घूलच्या उताराच्याही पलीकडं, जिथं जमीन आधी काळी, मग तांबडी आणि मग कुठल्याच रंगाची राहत नाही, तिकडं त्याची फेरी असे. एकदा तो परत आला नाही. आईनं डोक्याला फडकं बांधलं आणि दारात बसून राहिली. मग उंटवाल्यांनी त्याला आणून सोडलं. ओठ फाटून काळे पडलेले, डोळ्यांच्या कडांना वाळू चिकटलेली, पायांतल्या चपला वितळून तळव्याला लागलेल्या. टँकर वाळूत रुतला होता, तो चालत निघाला होता आणि रस्ता चुकला होता. हे असं व्हायचंच. दर वर्षी कुणाचं ना कुणाचं व्हायचं. पण पाणी पिऊन झाल्यावर अव्वाद जे बोलला ते कधी कुणी बोललं नव्हतं. तो म्हणाला, मी आगगाडीत होतो.

तैसीरनं ती हकिगत इतक्यांदा ऐकली होती की तिच्यातले शब्दसुद्धा झिजून गुळगुळीत झाले होते. काळ्या डोंगराला वळसा घातला की एक खडक लागतो, त्याला आरपार खिडकी आहे. खिडकीतून पलीकडं ओढ्याचं कोरडं पात्र. त्या पात्राच्या कडेला इंजिन, मागं तीन डबे. रूळ नाहीत, काही नाही, नुसती गाडी, जशी कुणी वरून आणून ठेवलेली. इंजिन कोपरावर डोकं ठेवून माणूस कुशीवर पडतो तसं पडलंय. शेवटच्या डब्याला अजून छप्पर आहे. "त्या छपराच्या सावलीत मी पडून राहिलो," अव्वाद सांगायचा. "सावली फिरेल तसा मी सरकायचो. ती नसती तर मी नसतो." पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत तुर्कांनी मुख्य मार्गापासून आत कुठंतरी एक फाटा टाकला होता, असं म्हातारी माणसं बोलत. त्याचे रूळ पुढं लोकांनी उपटून आणले आणि घरांच्या छतांना आडवे घातले. त्यांच्या घरातही तसला एक रूळ होता. आई त्याला कांद्याच्या माळा टांगायची. रूळ आले, तर त्यांच्यावर उभी असलेली गाडी कुठं गेली, हे मात्र कुणी विचारत नसे. आणि आता अव्वाद सांगत होता, की ती तिथंच आहे.

गावानं काय ऐकलं? गावानं सोनं ऐकलं. तुर्क पळताना सोन्याच्या नाण्यांच्या पेट्या पुरून गेले, ही गोष्ट मआनमधल्या प्रत्येक मुलाला आईच्या दुधाबरोबर मिळते. अव्वाद जरा हिंडूफिरू लागला तशा तीन मालमोटारी जमल्या. फावडी, पहारी, पाण्याच्या पखाली, पिठाचं पोतं. तीसेक पुरुष. सगळ्यांत पुढच्या मोटारीत हाजी दैफल्ला बसले होते; त्यांच्या शम्साशी अव्वादचं लग्न ठरलं होतं आणि भावी जावयाच्या शेजारी बसण्याचा मान त्यांनी हक्कानं घेतला होता. दहा वर्षांचा तैसीर मागच्या मोटारीत पोत्यावर बसून गेला होता. त्यांनी काळा डोंगर बघितला. खिडकीचा खडक बघितला. सगळे ओरडले, त्यांच्यातल्या मुतलकनं आनंदानं बंदुकीचा बार काढला. खिडकीतून पलीकडं गेले. पलीकडं वाळू होती. मधल्या दिवसांत खमसीनचं वाळूचं वादळ येऊन गेलं होतं. नुसती वाळू, पिवळी, स्वच्छ, कुणी नुकतीच झाडून ठेवल्यासारखी. अव्वाद एका उंचवट्यावरून दुसऱ्या उंचवट्यावर धावत होता. इथं, इथंच, म्हणत होता. त्यांनी खणलं. दुपारपर्यंत खणलं, दुसरीकडं खणलं, अव्वाद हातांनी उकरायला लागला तेव्हा बाकीच्यांनी खणायचं थांबवलं. आणि ते सगळे उभे राहून त्याच्याकडं बघत असताना मुतलक, अव्वादचा जिवाचा मित्र, मोठ्यानं म्हणाला, "अरे, उशीर केलात म्हणून गाडी पुढं निघून गेली! तिकीट कुणी काढलं होतं का?" तीस माणसं हसली. उन्हानं, तहानेनं, सोनं न मिळाल्याच्या रागानं ती इतकी हसली की काहीजण खाली बसले. तैसीरला आज, दुकानात, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फळीवर लावताना, त्या हसण्यातलं दुसरंच काही आठवत होतं. वडिलांनी खांद्यावरचा शमाघ रुमाल हळूच ओढून तोंडावर घेतला होता. वाळू उडत होती म्हणून घेतला असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. पण वारा पडलेला होता.

शम्साचं लग्न त्याच वर्षी तफीलाच्या एका शिक्षकाशी लागलं. हाजी दैफल्ला वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, की मुलाबद्दल माझ्या मनात काही नाही, पण ऊन एकदा डोक्यात शिरलं की रक्तात उतरतं, नातवंडांचा विचार करायला नको का? अव्वादनं नंतर कुठंच होकार दिला नाही, किंवा कुणी त्याला विचारलं नाही. यांतलं काय आधी झालं ते आता सांगता येणार नाही. आमच्याकडं माणसाला पोराच्या नावानं हाक मारतात. अव्वादला पोर नव्हतं, म्हणून मुतलकनं त्याला अबू-बाबूर केलं. बाबूर म्हणजे वाफेचं इंजिन. आगगाडीचा बाप. ते नाव इतकं बसलं की टायरच्या दुकानावर अव्वादनं पाटी लावली तेव्हा रंगाऱ्यानं न विचारता तेच लिहिलं, आणि अव्वादनं ते पुसलं नाही.

"तू काय त्याच्यासाठी आता वाळू चाळायला जाणार?" लमीसनं विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नुसतं बघून येतो."

"आणि नाही सापडली तर?"

"तर काय. आत्ता तरी कुठं आहे."

"आणि सापडली तर?" लमीसनं घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मी त्या दिवशी सहज बोलले रे. राग आला का तुला?"

त्याला राग आला नव्हता. काय आलं होतं ते त्याला सांगता येत नव्हतं. तो म्हणाला, हिवाळ्याआधी खय्याला, थोरल्या भावाला, भेटायलाच हवं, त्याच्या गुडघ्यांचं औषधही द्यायचंय.

मआनला तो पोचला तेव्हा अव्वाद दुकानापुढं आडव्या टाकलेल्या टायरवर बसून मुतलकबरोबर चहा पीत होता. रोज तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की मुतलक येतो, त्याच्या मागोमाग सालेम आणि आणखी दोघेतिघे म्हातारे येतात, मरमियाची पानं घातलेला चहा होतो आणि सूर्य उतरेपर्यंत बैठक चालते. सगळे त्या तीस जणांपैकी उरलेले. तैसीरच्या गालांचे मुके घेऊन झाले, अम्मानला पेट्रोल काय भावानं आहे ते विचारून झालं, आणि तैसीरनं सहज बोलावं तसं सांगितलं, की मी उद्या खाली मुदव्वराच्या बाजूला चाललोय, काळ्या डोंगरापर्यंत. मग मुतलकनं मांडीवर थाप मारली. "अल्ला! डॉक्टरलाही लागलं ऊन! घराण्यातच आहे की काय रे, अबू-बाबूर?" सगळे हसले. अव्वादही हसला, दातांची फट दिसेपर्यंत, अगदी मोकळेपणानं. तैसीर त्याच्याकडं बघत राहिला. या हसण्यात कुठं चीर असेल, ती शोधत राहिला. त्याला सापडली नाही.

सगळे गेल्यावर, दुकानाचं शटर ओढता ओढता अव्वाद म्हणाला, "जाऊ नकोस."

"का?"

"काही नाहीये तिथं."

"खय्या, तूच सांगायचास—"

"सांगायचो. चोविसाव्या वर्षी माणूस काहीही सांगतो. तहान लागली होती, डोकं फिरलं होतं. एखाद्या खडकाच्या सावलीत पडलो असेन आणि दिसली असेल गाडी." त्यानं कुलूप लावलं, ओढून बघितलं. "मला स्वतःला पटायला फार वर्षं लागली, तैसीर. पण पटलं. आता बरं आहे. झोप लागते."

तैसीरला त्या रात्री झोप लागली नाही. भावाचं घोरणं पलीकडच्या खोलीतून ऐकू येत होतं, शांत, एकसारखं. आपण कशासाठी आलो, त्याला काही द्यायला की त्याच्याकडून काही काढून घ्यायला, हे त्याचं त्यालाच कळेना. सकाळी निघताना अव्वाद टायरला ठिगळ लावत होता आणि त्यानं मान वर केली नाही.

मुदव्वराच्या चौकीपाशी त्याला सुवैलिम भेटला. शेळ्या राखणारा चाळिशीतला बडबड्या माणूस, जुनी पिकअप बाळगून होता आणि भाड्यानं कुठंही यायला तयार होता. वाटेत त्यानं आपल्या दोन्ही बायकांची, सासऱ्याची आणि उंटांच्या शर्यतीत हरलेल्या चुलतभावाची गोष्ट सांगितली. आगगाडीबद्दल त्यानं ऐकलं होतं. "ती मआनच्या वेड्याची ना? आमच्यात म्हण... म्हणजे आमच्यात पोरं खेळतात तसला खेळ. एकानं वाळूत लपायचं आणि बाकीच्यांनी शिट्टी घालायची. तुमचा कोण तो?"

"माझा भाऊ."

सुवैलिमनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "माफ करा, डॉक्टर. मला वाटलं होतं, ती गोष्टीतली माणसं."

पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही. काळा डोंगर होता. खिडकीचा खडक होता, आणि तो आठवणीत होता त्याहून लहान निघाला; दहा वर्षांच्या मुलानं ज्या खिडकीतून उभ्यानं पलीकडं पाहिलं होतं तिच्यातून आता वाकून जावं लागलं. पलीकडं वाळू, दगड, पुन्हा वाळू. तैसीर उन्हात चालत राहिला. आपल्याला काय हवंय, असं तो स्वतःला विचारत होता. नाही सापडली तर सगळं होतं तसं राहील. तो घरी जाईल, रंद हसेल, लमीस हसेल, तोही हसेल, आणि आता त्या हसण्याला पुरावा असेल. हे मनात येताच त्याला एक विचित्र सुटका वाटली आणि त्या सुटकेची इतकी लाज वाटली की तो थांबला. जीभ टाळूला चिकटली होती. लांबवर हवा पाण्यासारखी हलत होती आणि तिच्यात काळसर काहीतरी तरंगत होतं, एक, दोन, तीन डबे; तो बघत राहिला तसे ते एकमेकांत मिसळले आणि डोंगराची कड झाले. असंच झालं असेल, त्याच्या मनात आलं. इतकं सोपं.

दुसऱ्या दिवशी पिकअपचं पाणी तापलं म्हणून सुवैलिम बॉनेट उघडून बसला. सहज म्हणाला, "मागच्या पुराच्या वेळी इथून माझ्या शेळ्या वाहून गेल्या. आता ओढा तिकडून जातो. पुरानं पात्रच बदललं." तैसीर त्यानं दाखवलेल्या दिशेला एकटाच चालत गेला. पाण्यानं वाळूची टेकडी मधोमध कापून काढली होती. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्या भिंतीच्या सावलीत तो लघवीला बसणार एवढ्यात त्याला सरळ रेघ दिसली. वाळवंटात सरळ काही नसतं. ती रेघ समोरच्या भिंतीतून उन्हात बाहेर आली होती, तांबूस काळी, आणि तिच्या खाली तशीच दुसरी. त्यानं हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. लोखंड होतं.

तो पळाला नाही, ओरडला नाही. हळूहळू भिंतीच्या कडेनं वळसा घालून गेला, जसं आजाऱ्याच्या खोलीत जातात. पलीकडं गाडी होती. सगळी नाही. एक डबा वाळूत होता, त्याची नुसती कड दिसत होती. एकाच्या बरगड्या उघड्या, मेलेल्या उंटासारख्या. शेवटच्या डब्यावर पत्र्याच्या छपराचा तुकडा तिरका लटकत होता आणि त्याच्याखाली, भर दुपारी, एक मोठी निळसर सावली पडलेली होती. आणि पुढं इंजिन. कुशीवर. धुरांड्याची बाजू खाली, पाठ वर, आणि खालचा हात, म्हणजे चाकं फिरवणारा तो लोखंडाचा जाड दांडा, डोक्याखाली दुमडल्यासारखा. गांधीलमाश्या बॉयलरच्या भोकातून आतबाहेर करत होत्या. तैसीर त्या सावलीत जाऊन बसला. वाळू तिथं गार होती. सावली सरकली तसा तोही सरकला, आणि आपण सरकलो हे लक्षात आल्यावर त्याला रडू कोसळलं. चोवीस वर्षांचा अव्वाद इथं पडला होता. या लोखंडानं त्याला वाचवलं होतं आणि मग गावात नेऊन संपवलं होतं. वाळू आठवडाभर उशिरा आली असती, तर शम्सा असती, मुलं असती, त्यांच्या नावानं हाक असती. मालमोटारींतली तीस माणसं वाईट नव्हती. वारा वाईट नव्हता. कुणाच्या गळ्याला हात घालावा, असं कुणीच नव्हतं, आणि हेच त्याला सोसवेना.

त्यानं फोननं फोटो काढले. सुवैलिमला काय सांगावं याचा विचार करत तो परत आला, तर सुवैलिम पिकअपच्या सावलीत झोपून गेला होता. "काही मिळालं?" त्यानं डोळे चोळत विचारलं. "नाही," तैसीर म्हणाला. का म्हणाला ते त्याला कळलं नाही. बहुधा ही गोष्ट आधी एकाच माणसाला सांगायची होती म्हणून.

मआनला पोचेपर्यंत दुपार कलली होती. बैठक अजून जमली नव्हती. अव्वाद एकटाच होता, स्टोव्हवर किटली ठेवत होता. तैसीर त्याच्यासमोर टायरवर बसला, फोन काढला आणि पुढं केला. अव्वादनं फोनकडं पाहिलं नाही. त्यानं भावाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग मळकट हातानं त्यानं फोन हळूच दाबून तैसीरच्या मांडीवर पालथा केला.

"उलटा ठेव."

"खय्या, आहे ती. मी बसलो होतो तिथं."

अव्वाद स्टोव्हची ज्योत कमीजास्त करत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अजून कोपरावरच आहे?"

"हो."

"डाव्या?"

"डाव्या."

अव्वादच्या तोंडातून एक आवाज आला. हसण्याचा नव्हे, रडण्याचा नव्हे, ओझं उतरवताना हमाल करतो तसला. "म्हणजे मी वेडा नव्हतो," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, जणू दुसराच कुणी बोलतोय अशा सुरात, "मग हे काय झालं सगळं?"

तैसीर म्हणाला, "आज सगळ्यांना सांगू. सगळ्यांना तिथं नेऊ. मोटारी करू. मुतलकला आधी दाखवू."

"नाही."

"अरे, तुला एवढी वर्षं—"

"नाही म्हणतो ना!" अव्वाद ओरडला, तैसीरनं त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मग तो भावाच्या अगदी जवळ सरकला. त्याच्या श्वासाला तंबाखूचा आणि रबराचा वास होता. "ऐक. माझी पित्ताची पिशवी फुटली तेव्हा बर्फ पडला होता, गाड्या बंद. मुतलकनं मला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं. आई गेली तेव्हा कबर यांनी खणली, सालेमनं आणि त्याच्या भावानं. ईदला माझ्याकडं ताट येतं ते यांच्या घरातून येतं. ते मला हसले कारण मी वेडा होतो. वेड्याला हसतात, त्यात काय आहे? मी पण हसलो. पण मी जर खरा असेन, तैसीर, तर मग त्यांनी माझं काय केलं? मग मला त्यांचा राग करावा लागेल. एकेकाचा. या वयात मी चहा कुणाबरोबर प्यायचा? दुसरी माणसं कुठून आणू?"

रस्त्याच्या टोकाला काठीचा आवाज आला. मुतलक येत होता, मागं सालेम, आणखी दोघं. अव्वादनं तैसीरचा गुडघा घट्ट धरला. "तुला माझी शपथ," तो पुटपुटला आणि उठून पेले मांडायला लागला.

सगळे टायरांवर बसले. मुतलकनं काठी बाजूला ठेवली, शमाघ सारखा केला, पहिला घोट घेतला आणि डोळे मिचकावले. "हं, डॉक्टर! सांग. मिळाली का आमच्या अबू-बाबूरची पोर?"

फोन तैसीरच्या मांडीवर अजून पालथा होता. तो नुसता उलटायचा. एवढंच. त्यानं मुतलककडं पाहिलं; पापण्या गळलेले, पाणावलेले, प्रेमळ म्हातारे डोळे. त्यानं भावाकडं पाहिलं. अव्वाद किटली हातात धरून पाठमोरा उभा होता आणि हलत नव्हता.

"वाळू," तैसीर म्हणाला. "वाळूच आहे नुसती."

"एखादा फोटो तरी काढायचास!"

"कशाचा काढू, चाचा? वाळूचा?"

मुतलकनं मांडीवर थाप मारली. सालेमला हसता हसता ठसका लागला. "मी सांगितलं होतं की नाही?" मुतलक म्हणाला. "दोन्ही भाऊ! अम्मानला जाऊन शिकला, तरी दोन्ही भाऊ सारखेच!" अव्वाद वळला. त्याचा चेहरा फुलला होता. तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता, खांदे हलत होते, किटलीतला चहा सांडत होता. "अरे, आज शुक्रवार नाही ना!" तो म्हणाला. "शुक्रवारशिवाय थांबत नाही ती!" आणि यावर ते सगळे इतके हसले की शेजारच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊन बघायला बाहेर आला. तैसीरही हसत होता. आपलं हसणं त्याला बाहेरून ऐकू येत होतं. ते बाकीच्यांच्या हसण्यात नीट मिसळत होतं, वेगळं काढता येत नव्हतं. अव्वादनं सगळ्यांचे पेले पुन्हा भरले, त्याचाही भरला, आणि भरताना त्याच्याकडं पाहिलं नाही.

हसू ओसरायला बराच वेळ लागला. मग सालेमनं डोळे पुसले आणि या आठवड्यात नळाला पाणी कधी येणार, ते विचारलं.